शब्दाच्या पोटातील अक्षरे

के-एन-आय-एफ-ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी. ज्यांनी शाळेत इंग्रजीचे शब्द असे घोकले असतील, त्यांच्या कानांत ती चाल अजून घुमत असेल. पुढे एकदा ‘नी’ म्हणजे गुडघा हा शब्द आमच्या नुसता कानावर पडला. स्पेलिंग ठाऊक नव्हते, म्हणून कोश उघडला आणि ‘एन’ची सारी पाने उलटीपालटी केली. शब्द काही सापडला नाही. तो ‘के’च्या घरात बसला आहे हे कळावे कसे? ज्याला स्पेलिंग येत नाही त्याने कोश पाहावा असे सर्व गुरुजन सांगतात, आणि कोश तर स्पेलिंग येणाऱ्यालाच प्रसन्न होतो!

दोष कोशाच्या मजकुराचा नव्हे, मांडणीचा आहे. रॉबर्ट कॉड्री या इंग्रज शिक्षकाने १६०४ साली सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा कोश छापला, तेव्हा अक्षरांचा अनुक्रम आधी पक्का करा, असे त्याला वाचकांना बजावून सांगावे लागले होते. तेव्हापासून इंग्रजी कोशाला दार एकच, ते म्हणजे शब्दाचे पहिले अक्षर. त्या दाराने न येणाऱ्याचे प्रश्न कोश ऐकूनच घेत नाही. ज्यांच्या पोटात ‘जी-एच-टी’ ही तीन अक्षरे लागोपाठ आहेत असे शब्द कोणते? ‘जे’ने संपणारे कोणते? अशा वेळी कोश मुका होतो. शब्दकोडी सोडवणाऱ्यांना ही अडचण रोजची.

यावर उपाय झाले. शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावलेली एक प्रचंड सूची अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १९६३ साली तयार झाली. आता तर संगणकाला अक्षरे सांगितली की निमिषात यादी पुढे येते. कोडे सोडवणारा तीतून आपल्या चौकटीत बसणारा तेवढा शब्द उचलतो आणि बाकीची यादी टाकून देतो. आम्हांला वाटते, खरी गंमत त्या टाकलेल्या यादीत आहे.

‘जी-एच-टी’चेच पाहा. नाइट म्हणजे रात्र, लाइट, एट म्हणजे आठ, फाइट, थॉट. जवळच ‘जी-एच’वाली डॉटर, म्हणजे मुलगी. यांतील ‘जी-एच’ उच्चारात नाही, म्हणून आपली मुले कपाळाला हात लावतात. परंतु ही अक्षरे कोणी चेष्टेने घातलेली नाहीत. जुन्या इंग्रजीत तेथे घशातून निघणारा, आपल्या ‘ख’जवळचा ध्वनी खरोखरच होता. जर्मन भाषेने तो अजून सांभाळला आहे: रात्र ‘नाख्ट’, आठ ‘आख्ट’, मुलगी ‘टोख्टर’. इंग्रजांची जीभ पुढे आळसावली, पण १४७६ च्या सुमारास कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि हळूहळू छापील रूपे रूढ होऊन बसली. ध्वनी गेला, अक्षरे राहिली.

आता याच्याही मागे जाऊ. आपल्याकडे दिवसभर उपास करून रात्री जेवण्याच्या व्रताला ‘नक्त’ म्हणतात. तो ‘नक्त’ आणि इंग्रजांची ‘नाइट’ एकाच घराण्यातली. ‘नक्त’मधला ‘क’ म्हणजेच तो मुका ‘जी-एच’! लॅटिनमधील आठ म्हणजे ‘ऑक्टो’, ज्यावरून ऑक्टोबर आला, त्यातही हा ‘क’ आहे. ‘डॉटर’ची सख्खी बहीण आपली ‘दुहिता’ होय. तिचा ‘ह’ आपण उच्चारतो, इंग्रज फक्त लिहितो.

तसाच ‘के-एन’चा गट. ज्या गुडघ्याने आम्हांला दमवले तो ‘नी’ म्हणजे आपला ‘जानु’, आजानुबाहूमधला. ‘नो’, म्हणजे जाणणे, हा आपल्या ‘ज्ञा’ धातूचा भाऊ. सतराव्या शतकाच्या सुमारापर्यंत इंग्रज हा ‘क’ बोलत असत. जर्मन आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो. आणि नाइट म्हणजे शिलेदार, हा शब्द तर दोन्ही गटांत बसतो. त्याची अक्षरे सहा, त्यांतली तीन मुकी. जर्मन ‘क्नेख्ट’ मात्र आरंभीचा ‘क’ आणि मधला घशातला ध्वनी दोन्ही स्वच्छ बोलतो. त्याचा अर्थ शिलेदार नसून चाकर असा आहे, हे शिलेदारांना न सांगितलेले बरे.

हे एकदा ध्यानात आले की स्पेलिंग म्हणजे केवळ पाठांतराची शिक्षा राहत नाही. शब्द एकेकटा घोकण्याऐवजी त्याचे भाईबंद शोधून एका ओळीत बसवले तर दहा शब्द एकाच्या कष्टात लक्षात राहतात. इंग्रजीच्या धास्तीने ज्यांचे शिक्षण अडते अशा मुलांसाठी तरी शिक्षकांनी हा प्रयोग करून पाहावा.

मात्र यादीत भोंदूही शिरतात. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद, हा शब्द फ्रेंचांकडून आला. त्याच्या घराण्यात ‘जी-एच’ कधीच नव्हता. ‘लाइट’च्या देखादेखी सोळाव्या शतकात तो चिकटवला गेला. ‘आयलंड’मधला ‘एस’ असाच उपरा आहे. ‘आइल’ या बेटाच्या दुसऱ्या शब्दाशी नाते आहे अशा चुकीच्या समजुतीने तो आत घेतला. म्हणून अक्षराची साक्ष घ्यावी, पण उलटतपासणीही करावी.

राहिला ‘जे’ने संपणाऱ्या शब्दांचा प्रश्न. अस्सल इंग्रजी शब्द ‘जे’ने संपत नाही. तो ध्वनी शेवटी आला तर इंग्रज ‘जी-ई’ लिहितो. ‘ब्रिज’, ‘जज’, ‘पेज’ पाहा. मग मोठ्या इंग्रजी कोशांतून ही यादी काढली तर हाती काय लागते? हज, ताज, राज आणि स्वराज.