वाघ पट्ट्यांवरून, शार्क पोटावरून

मेळघाटात वाघ मोजताना पायवाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे बांधतात. एक का पुरत नाही? कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो असला, की एक वाघ दोन म्हणून मोजला जाण्याची भीती. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात १९९०च्या दशकात ही पद्धत रुजवली.

मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर, प्रशांत महासागरातल्या ग्वादालुपे बेटापाशी असंच काम पाण्याखाली झालं. तिथे जुलैपासून मोठे पांढरे शार्क येऊ लागतात. सील हे त्यांचं मोठं आकर्षण. पाठीचा राखाडी रंग पोटाच्या पांढऱ्याला भिडतो ती नागमोडी रेघ कल्ल्यांपाशी, पोटाखालच्या परांजवळ आणि शेपटीपाशी प्रत्येक शार्कची वेगळी. त्यावरून तीनशेहून अधिक शार्कची नोंदवही तयार झाली. प्रौढ नर बहुधा दरवर्षी परततात, माद्या वर्षाआड. गर्भारपण लांबतं, त्या काळात त्या खोल समुद्रातच राहतात.

यातले कित्येक फोटो लोखंडी पिंजऱ्यातून उतरणाऱ्या हौशी पर्यटकांच्या बोटींवरून आले. आमिष टाकून शार्क जवळ बोलावणं मला तरी पटत नाही, पण नोंदवही भरली ती बरीचशी त्यांच्यामुळेच. जानेवारी २०२३मध्ये मेक्सिको सरकारने तिथल्या शार्क-पर्यटनावर बंदी घातली, आणि फोटोंचा हा ओघही आटला.