हवेचा कुंचला आणि चिमुकली विमाने

दिनांक ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेले, बांगलादेशातील ‘युनायटेड एअरवेज’चे एमडी-८३ विमान इंजिनातील बिघाडामुळे रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावर उतरले. प्रवासी सुखरूप मार्गस्थ झाले. विमान मात्र वर्षानुवर्षे तेथेच ऊनपाऊस सोसत राहिले. इतरांना त्यात एक बेवारस यंत्र दिसले असेल. विमानांच्या प्रतिकृती घडविणाऱ्या छांदिष्टाला मात्र तेथे एक आव्हान दिसते. उन्हाने विटलेला तो रंग टेबलावर मावणाऱ्या विमानावर कसा उतरवावा?

हे विमान सुमारे ४५ मीटर लांबीचे. १:१४४ या प्रमाणात त्याची प्रतिकृती जेमतेम ३१ सेंटिमीटर भरते. तिच्यावर रंगाचा एक दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर मूळ विमानावर तो जवळजवळ दीड सेंटिमीटरचा ठरेल! पत्र्यांच्या सांध्यांच्या नाजूक रेषा अशा थराखाली बुजून जातात. म्हणूनच येथे केसांच्या कुंचल्याची जागा एअरब्रश घेतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जन्मलेले हे साधन छायाचित्रांवर हात फिरविणाऱ्या कलावंतांनी आपलेसे केले. त्याची रचना सोपी आहे. खटका दाबला की हवा वाहते. तोच मागे ओढला की आतील सुई सरकून रंगाला वाट मिळते. रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब दर चौरस इंचास १५ ते २० पौंड आणि हात सतत फिरता, एवढी पथ्ये पाळावी लागतात. विटलेपणा दाखविण्यासाठी मूळ रंगात किंचित पांढरा मिसळून तो प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागी अलगद फवारतात. कडा गडद राहू देतात. कोठे थांबावे, हे कळणे हीच यातील खरी कला.

रायपूरचे हवामानही परीक्षा पाहते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रंगाचे तुषार वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. अशा वेळी सकाळचा गारवा गाठावा आणि रंग सावकाश सुकविणारे द्रावण वापरावे. पावसाळ्यात कॉम्प्रेसरमध्ये साचलेल्या बाष्पाचे थेंब कामावर उडतात. त्यासाठी नळीला पाणी अडविणारा सापळा जोडावा. मास्क आणि उघडी खिडकी मात्र बारमाही आवश्यक.

हा खटाटोप कशासाठी? नाशिकजवळच्या ओझर येथे ज्यांची बांधणी झाली, ती मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलातून निवृत्त झाली. विमाने थकतात, भंगारात जातात. त्यांचे रंग छायाचित्रांत आणि अशा काचेच्या कपाटांत उरतात. उद्याच्या मुलाला त्यांची ओळख कदाचित येथेच होईल. म्हणूनच एक छटा अचूक साधण्यासाठी छांदिष्ट चार संध्याकाळी खर्ची घालतो आणि त्या वाया गेल्या असे त्याला वाटत नाही.