इंग्रजी बोलायची, तर आधी ऐकायची

जालन्याच्या मोंढ्यात सकाळी थोडा वेळ उभे राहून पाहा. मंठ्याकडच्या तांड्यावरून आलेला शेतकरी भावाशी गोरमाटीत बोलतो, हमालाशी मराठीत बोलतो आणि आडत्याशी भाव ठरवताना हिंदीवर येतो. तीन भाषा, पण एकीचेही व्याकरण त्याने कधी घोकलेले नसते. त्याच शेतकऱ्याचा मुलगा पदवीधर होतो. दहा-बारा वर्षे तो इंग्रजी शिकलेला असतो. पुण्याला मुलाखतीला जातो आणि 'स्वतःविषयी काही सांगा' एवढ्याशा इंग्रजी प्रश्नापुढे गप्प होतो. उत्तर त्याला ठाऊक असते. कागद दिला तर चार ओळी नीट लिहूनही देईल. तोंड मात्र उघडत नाही आणि हाताशी आलेली नोकरी त्या दोन मिनिटांत निसटते.

असे का व्हावे? बापाच्या भाषा कानातून आल्या, मुलाची इंग्रजी डोळ्यांतून आली, एवढाच काय तो फरक आहे.

परकी भाषा शिकणे आपल्या भागाला नवे नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाची राजवट होती आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा अंमल होता. घरी मराठी बोलणारी मुले उर्दूतून शिकली. पण ती उर्दू बाजारात, रस्त्यावर रोज कानावर पडत होती. इंग्रजीला हा बाजार मिळाला नाही. ती वर्गात आली आणि वर्गातच राहिली. पूर्वी ती पाचवीपासून होती, २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून आली. वर्षे वाढली, रीत पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. गुरुजी धडा वाचणार, मराठीत अर्थ सांगणार, मुले प्रश्नोत्तरे उतरवून घेणार. त्याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. तिने वाचन-लेखन पक्के केले, यात शंका नाही. पण मनात मराठी वाक्य करायचे आणि मग ते उलटवायचे, ही सवयही आपल्याला लागली.

लिहिताना वेळ असतो, बोलताना नसतो. 'मी उद्या मुंबईला जाणार आहे' या वाक्यात आपले क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. म्हणजे भाषांतर करणाऱ्याला सगळे वाक्य मनात धरून फिरवावे लागते. तेवढ्यात समोरचा पुढचा प्रश्न विचारून मोकळा होतो. यावर उपाय एकच. सुटे शब्द पाठ न करता नेहमी लागणारी वाक्ये अख्खी तोंडात बसवावीत. 'आय कम फ्रॉम जालना', 'कुड यू प्लीज रिपीट दॅट?' अशी पन्नास-साठ वाक्ये पक्की झाली की संभाषणाला पाय फुटतात. 'कितने का दिया?' असे विचारताना आपण कुठे भाषांतर करतो?

दुसरी अडचण उच्चारांची. आपली देवनागरी बहुतेक जशी लिहावी तशी वाचता येते. इंग्रजीत 'पुट' आणि 'बट' यांत मधले अक्षर एकच, उच्चार मात्र दोन. त्यामुळे पुस्तकात ओळखीचा असलेला शब्द कानावर आला की अनोळखी वाटतो. शिवाय मराठीत आपण शब्दातल्या अक्षरांना साधारण सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अर्धवट गिळली जातात. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या 'फो'वर असतो. 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि ऐकू येते ते 'फटॉग्रफर'. 'हॉटेल'मध्ये जोर 'टेल'वर आहे. म्हणून नवा शब्द शिकताना अर्थाबरोबर त्याचा जोर कुठे आहे, हेही ऐकून ठेवावे.

आवाजांची धास्ती मात्र नको. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर मराठीने केव्हाच आपलेसे केले. राज्य शासनाने २००९ साली ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागाही दिली. 'जरा', 'जहाज' यांतला आपला ज इंग्रजी 'झेड'च्या बराच जवळ आहे. मेहनत घ्यायची ती व आणि व्ह यांवर. पश्चिम दिशा दाखवणाऱ्या 'वेस्ट'ला ओठांचा चंबू होतो. बनियन या अर्थाच्या 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. एवढे साधले तरी पुष्कळ. लंडनच्या माणसासारखे बोलण्याची गरज नाही. स्कॉटिश, आयरिश, नायजेरियन माणसे आपापल्या ढंगात इंग्रजी बोलतात. आपली मराठी ढब राहिली तरी चालेल, शब्द स्पष्ट हवा.

आणि शब्दांचा साठा आपल्याकडे नाही असेही नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या या धंद्याबरोबर 'हायब्रीड', 'प्लॉट', 'मेल-फिमेल' हे शब्द शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. मोसंबीच्या बागेत 'ड्रिप', 'फिल्टर', 'व्हॉल्व्ह' आले. हे शब्द कुणी पाठ केले नाहीत. कामात ऐकले, कामात वापरले.

मग घरी काय करावे? 'महिनाभरात फाडफाड इंग्रजी' अशा पाट्यांना भुलू नये. रोज अर्धा तास पुरे. आकाशवाणीवर आधी मराठी बातम्या ऐका, मग त्याच दिवसाच्या इंग्रजी बातम्या. विषय ठाऊक असल्याने शब्द आपोआप कानात अडकतात. बीबीसी १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवू लागली. आज तिचे पाठ मोबाइलवर फुकट मिळतात. एक वाक्य ऐका, थांबवा आणि तशाच चढउतारात मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेले मोजू नका, जिभेला वळण मोठ्याने बोलल्यानेच लागते. आठवड्यातून एकदा 'माझे गाव' अशा साध्या विषयावर दोन मिनिटे बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. पुढच्या आठवड्यात तोच विषय पुन्हा घ्या आणि दोन्ही ऐका. कुठे अडखळलो, ते आपले आपल्यालाच कळते.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सोबतीला एक मित्र, मैत्रीण किंवा बहीण-भाऊ घ्या आणि अट घाला की चुकले तरी कुणी हसायचे नाही. आपली मुले व्याकरणाने जेवढी अडत नाहीत, तेवढी हसण्याच्या भीतीने अडतात. मोंढ्यात आपण जी हिंदी बोलतो, तिच्यात लिंगवचनाच्या चुका काय कमी असतात? पण त्यापायी कुणाचा सौदा थांबत नाही. चुकत बोलत राहिलो, म्हणून तर ती भाषा आली. घराने आणि वर्गाने इंग्रजीलाही एवढी सूट दिली, तर मुलाखतीतली ती दोन मिनिटे जड जाणार नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)