शीळफाट्यावरून धोरणाकडे: इंटर्नशिपबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा चारही बाजूंची वाहतूक शीळफाट्यावर येऊन तुंबते. बसमध्ये खोळंबलेली एखादी विद्यार्थिनी ‘हा रस्ता नक्की कोणाच्या अखत्यारीत येतो?’ असं पुटपुटते, तेव्हा तिने धोरणाचाच प्रश्न विचारलेला असतो. असा प्रश्न शिस्तीने विचारायला शिकवते ती सार्वजनिक धोरण संस्थेतली संशोधन इंटर्नशिप. डोंबिवली-ठाण्याच्या कॉलेजांत तिच्याविषयी बरंच काही ऐकीवच असतं.

गैरसमज १: धोरण संस्था म्हणजे सरकारी खातं.
वस्तुस्थिती: नीती आयोग सरकारी आहे, पण सगळ्याच संस्था नाहीत. पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था भारत सेवक समाजाने १९३० मध्ये काढली. मुंबईची प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था आमदार-नगरसेवकांच्या कामगिरीची प्रगतिपुस्तकं काढते. उत्तनच्या प्रबोधिनीला ठाण्याचे खासदार राहिलेल्या रामभाऊ म्हाळगींचं नाव आहे. प्रत्येक संस्थेचा वारसा वेगळा, पैसा वेगळ्या वाटेने येणारा आणि कलही वेगळा. म्हणून अर्ज करण्याआधी तिचे दोन अहवाल वाचावेत आणि तिला पैसा कोण देतं तेही पाहावं.

गैरसमज २: वशिल्याशिवाय शिरकाव नाही.
वस्तुस्थिती: नीती आयोगाचे अर्ज ऑनलाइन असतात आणि दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान भरता येतात. पदवीचं दुसरं वर्ष पूर्ण आणि बारावीला किमान ८५ टक्के, ही अट मात्र कडक आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी पदवीत ७० टक्के लागतात. लहान संस्था बहुधा गुणांपेक्षा लिखाणाचा नमुना बघतात. अशा ठिकाणी ओळखीच्या चिठ्ठीपेक्षा नेमकं लिहिलेलं एक पान जास्त कामाचं.

गैरसमज ३: इंटर्नशिप आणि फेलोशिप एकच; दोन्हीकडे पैसे मिळतात.
वस्तुस्थिती: नीती आयोगाची इंटर्नशिप सहा आठवडे ते सहा महिन्यांची असते आणि बिनपगारी असते, लॅपटॉपही स्वतःचाच न्यायचा. मुख्यमंत्री फेलोशिप ही वेगळी गोष्ट आहे. ती वर्षभराची आणि मानधनाची असून तिच्यासाठी पदवी, वयाची २१ ते २६ ही मर्यादा आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. खासगी संस्थांपैकी काही विद्यावेतन देतात, काही देत नाहीत. ‘नोंदणी शुल्क’ मागून इंटर्नशिप देणारे भेटले तर सरळ पाठ फिरवावी.

गैरसमज ४: इंटर्न मंत्र्यांना सल्ला देतो.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळ पीडीएफमधले तक्ते एक्सेलमध्ये उतरवण्यात, जुने शासन निर्णय शोधण्यात आणि दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत ते का, हे तपासण्यात जातो. काम कंटाळवाणं आहे, पण निष्कर्ष त्याच्यावरच उभे राहतात. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली तीही कुटुंबाकुटुंबाकडून माहिती गोळा करूनच.

गैरसमज ५: संशोधन म्हणजे गूगल फॉर्म फिरवून शंभर उत्तरं जमवणं.
वस्तुस्थिती: मित्रांच्या गटात फिरलेला फॉर्म मित्रांचंच मत सांगतो. त्याऐवजी कल्याण-शीळ रस्त्याच्या परिसरातली २७ गावं घ्या. १९८३ मध्ये ती कल्याण महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये त्यातली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आता प्रश्न असा मांडता येतो: कारभारी बदलला तसा घरपट्टी, पाणी आणि बांधकाम परवानगी यांत काय बदललं? एकाच जागेची आधीची आणि नंतरची स्थिती, शिवाय शेजारी तुलनेला न बदललेली गावं, अशी मांडणी करायला अभ्यासक धडपडतात. इथे ती घराशेजारी पडून आहे.

गैरसमज ६: सरकारी माहिती बाहेर येतच नाही.
वस्तुस्थिती: माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार बरीच माहिती कार्यालयांनी स्वतःहून जाहीर करायची असते. उरलेल्यासाठी १० रुपये शुल्काचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. अडचण बहुधा प्रश्न विचारण्यात असते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला. अशा इमारतींबद्दल ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलं तर उत्तर मिळणं अवघड, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे नाही. ‘अमुक प्रभाग समितीने अमुक वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ५३ खाली दिलेल्या नोटिसांची यादी, तारखा आणि पुढील कारवाई’ असं मागितलं तर कागद हाती येतात. नोटीस आणि पाडकाम यांच्यामधले दिवस मोजले की ‘का’चं उत्तर दिसू लागतं.

गैरसमज ७: शेवटी प्रमाणपत्रच महत्त्वाचं.
वस्तुस्थिती: नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला श्रेयांक आहेत आणि ३० तासांच्या कामाला एक श्रेयांक धरतात. त्यामुळे कॉलेजात कागद दाखवावाच लागतो. पण पुढच्या मुलाखतीत विचारतात ते वेगळं: प्रश्न काय होता, माहिती कुठून आणली, तिच्यात काय कमी होतं. ही तीन उत्तरं देता येतील असं चार पानांचं टिपण हातात नसेल, तर सहा आठवड्यांचा निव्वळ हजेरीपट उरतो. म्हणून पहिल्याच दिवशी मार्गदर्शकाला विचारून घ्यावं: या कामातून माझ्या नावावर कोणतं लिखाण राहील?