गाणे कोणी निवडावे?

युरोव्हिजन गीतस्पर्धेत प्रत्येक देशाला एकच गाणे पाठविता येते. ते निवडावयाचे कोणी? स्वीडनमध्ये १९७३ साली तज्ज्ञांच्या मंडळाने, पुढे 'अ‍ॅबा' या नावाने विख्यात झालेल्या चौघांना तिसरे स्थान दिले. लोकांत मात्र त्यांचेच गाणे गाजले. १९७४ मध्ये निवड प्रादेशिक मंडळांकडे गेली, आणि त्याच चौघांचे 'वॉटर्लू' ब्रायटनला पहिले आले. पंडितांपेक्षा लोकांना अधिक कळते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. पण तज्ज्ञांनी धाडलेले गाणेही पाचवे आले होते. ही काही नामुष्की नव्हे!

खरी मेख निराळीच आहे. केन्सने १९३६ साली शेअरबाजाराला वृत्तपत्री सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली. आपल्याला भावलेला चेहरा तेथे निवडावयाचा नसतो, इतरांना कोणता भावेल हे ताडावयाचे असते. मायदेशी स्वीडिशमध्ये गायिलेले 'वॉटर्लू' ब्रायटनला इंग्रजीत गायिले गेले, ते याच हिशेबाने. अलीकडे तर तेथील राष्ट्रीय निवडीच्या अंतिम फेरीत निम्मे वजन परदेशी परीक्षकांना असते. गाणे हा निर्यातीचा माल असेल, तर हे शहाणपणाचेच. परंतु ते देशाचे प्रतिनिधी म्हणून जाणार असेल, तर निवड घरच्या श्रोत्यांवर सोपवावी आणि शेवटचा क्रमांक आला तरी तो पत्करावा, असे मला वाटते.