संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या : शेजारी-शेजारी की एकीवर एक?

संगणकावर एकाच वेळी अनेक कामे सुरू असताना त्यांच्या खिडक्या पडद्यावर मांडण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. या दोन पद्धतींमधील निवड १९८० च्या दशकात केवळ सोयीचा विषय राहिली नाही. ती न्यायालयीन वादाचाही विषय ठरली.

पहिल्या पद्धतीत खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी बसविल्या जातात. त्यामुळे कोणतीही खिडकी झाकली जात नाही. मात्र नवी खिडकी उघडताच आधीच्या खिडक्या लहान होतात. दुसऱ्या पद्धतीत खिडक्या टेबलावरील कागदांप्रमाणे एकीवर एक येतात. प्रत्येकीचा आकार कायम राहतो. परंतु खालची खिडकी झाकली जाते आणि ती वर आणण्याचे काम वापरकर्त्यालाच करावे लागते.

एकीवर एक येणाऱ्या खिडक्यांचा वापर १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक प्रणालीत झाला. याच कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या स्टार संगणकावर मात्र दस्तऐवजांच्या खिडक्या शेजारी-शेजारी मांडल्या जात. अ‍ॅपलने १९८३ मध्ये लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश या संगणकांसाठी दुसरी पद्धत स्वीकारली.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये आणलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या शेजारी-शेजारी होत्या. त्याच महिन्यात अ‍ॅपलने या आवृत्तीतील दृश्य घटक वापरण्याची परवानगी मायक्रोसॉफ्टला कराराद्वारे दिली. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकीवर एक येऊ लागल्या आणि मार्च १९८८ मध्ये अ‍ॅपलने स्वामित्वहक्कभंगाचा दावा दाखल केला.

वादग्रस्त १८९ घटकांपैकी १७९ घटक करारात समाविष्ट असल्याचा निर्णय न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. एकीवर एक येणाऱ्या खिडक्या पहिल्या आवृत्तीत नसल्यामुळे त्यांना कराराचे संरक्षण मिळाले नाही. तथापि, खिडक्या मांडण्याच्या मूलभूत पद्धती दोनच असल्याने केवळ त्यांपैकी एकीच्या वापरावर कोणाला हक्क सांगता येणार नाही, ही भूमिका १९९४ मध्ये अपील न्यायालयाने कायम ठेवली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची सुनावणी घेण्यास नकार दिला.

उपयुक्ततेचा प्रश्न मात्र स्वतंत्र होता. झेरॉक्सच्याच केंद्रातील सारा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. मजकूर खिडकीत नीट सामावत असल्यास शेजारी-शेजारी मांडणीत काम लवकर होते, तर मजकुराची रचना अनियमित असल्यास एकीवर एक मांडणीचा लाभ काही वापरकर्त्यांना होतो, असे त्यांना आढळले.

पुढील काळात दुसरी पद्धत सर्वत्र रूढ झाली, तरी पहिली लोप पावली नाही. विंडोज ७ मध्ये २००९ साली खिडकी कडेला ओढून अर्ध्या पडद्यावर बसविण्याची सोय आली, तर २०२४ मध्ये मॅक संगणकांच्या सिकोया या प्रणालीनेही अशीच सुविधा दिली. दोन दस्तऐवजांची तुलना करताना शेजारी-शेजारी मांडणी आणि अनेक कामे हाताशी ठेवताना एकीवर एक मांडणी, असा पर्याय आज एकाच पडद्यावर उपलब्ध आहे.