उस्मानाबादच्या बायकांनी दिलेलं उत्तर

‘नवऱ्याशिवाय मी कुणाला ओळखत नाही, मग हा रोग मला कसा?’ गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लैंगिक संबंधांतून येणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे ऐकल्यावर बायकांच्या मनात आधी हाच प्रश्न येतो. त्याचं उत्तर सरळ आहे. एचपीव्ही हा विषाणू एकाच जोडीदाराकडूनही येतो. कातडीला कातडी लागून पसरत असल्यानं निरोधही त्याला पूर्ण अडवत नाही. लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. त्यावरून कुणाच्याही चारित्र्याबद्दल काहीच ठरत नाही.

या कॅन्सरचा लैंगिक संबंधांशी असलेला धागा मात्र जुना आहे. १८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन डॉक्टरनं व्हेरोनातल्या मृत्यूनोंदी चाळल्या. गर्भाशयाच्या कॅन्सरनं लग्न झालेल्या बायका दगावत होत्या, कॉन्व्हेंटमधल्या नन्स क्वचितच. पुढे शतकभरानं संशय हर्पिसच्या विषाणूवर गेला. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गाठींमध्ये हर्पिसचा डीएनए शोधला, तो मिळाला नाही. तेव्हा त्यांनी चामखीळ आणणाऱ्या विषाणूंच्या कुळाकडे मोर्चा वळवला. १९८३ मध्ये त्या कुळातला एचपीव्ही १६ सापडला, पुढच्या वर्षी एचपीव्ही १८. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये हेच दोघे असतात.

मला यातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो तो हेला पेशींचा. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये, तिला न विचारता, काढलेल्या या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत तीस वर्षं वाढत होत्या. पोलिओच्या लशीपासून कितीतरी कामं त्यांच्यावर झाली. त्या तपासल्या, तर एचपीव्ही १८ त्यांच्यातच मुक्काम ठोकून बसलेला! त्याची दोन प्रथिनं पेशीच्या वाढीला आवर घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिनं निकामी करतात. संसर्ग टिकला, तरी कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्हीबाधित बायकांना धोका सुमारे सहापट असतो, कारण त्यांचं शरीर विषाणूला सहजी हुसकावू शकत नाही.

ही पंधरा-वीस वर्षं म्हणजेच आपल्या हातातली संधी. ती साधता येते, हे दाखवलं ते उस्मानाबाद जिल्ह्यानं, आताच्या धाराशिवनं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. त्यांची गावं चार गटांत विभागली होती. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांपैकी ३४ जणी या कॅन्सरनं दगावल्या. एरवीचेच उपचार मिळणाऱ्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू निम्म्यावर आले. २००९ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि जगाच्या तपासणी धोरणांत त्याचा आधार घेतला गेला.

पण एरवीचेच उपचार मिळणाऱ्या या चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीच दिली नव्हती, आणि त्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. त्यांचं ऋण निदान त्यांच्या लेकीसुनांना चाचणी मिळवून देऊन फेडायला हवं होतं. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या निघाल्या जेमतेम १.९ टक्के.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आली आहे, हे उत्तमच, आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती जरूर द्यावी. पण आज चाळिशीत असलेल्या बाईला विषाणू आधीच भेटलेला असू शकतो, आणि असलेला संसर्ग लशीनं जात नाही. तिला चाचणीच हवी. त्यासाठी लागणारा नमुना तिला स्वतःलाही घेता येतो, पडद्याआड, एका काडीच्या कापसावर. आशाताईंच्या पिशवीत ही काडी कधी येणार, हे ग्रामसभेत विचारायला हवं.